जीपमधल्या कॉम्प्युटरचा पत्ता

बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नोकरी टिकवायची तर एम. ई. करणं भाग होतं, म्हणून पुण्यात नाव नोंदवलं आणि प्रबंधाला विषय घेतला, ‘भविष्यातल्या इंटरनेटच्या रचनेत फिरत्या यंत्रांना आधार’. विषय मी एका परदेशी मासिकातल्या लेखावरून उचलला होता. तेव्हा अख्ख्या बारामतीत इंटरनेट तीन-चार ठिकाणी होतं आणि एका जागी बसवूनसुद्धा ते धड चालत नव्हतं. ते उठून फिरायला लागलं तर काय करायचं, याची काळजी करणारी तालुक्यात मी एकटीच असावी.

पुण्यातले माझे मार्गदर्शक सर विषय वाचून म्हणाले, “हे सगळेजण एका कॉम्प्युटरच्या आत करतात. खोटी यंत्रं, खोटा रस्ता. तुम्ही वेगळं काय करणार?”

मी घाबरून बोलून गेले, “मी खऱ्या गाडीत करून दाखवीन, सर.”

सरांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “लिहून घेतो,” म्हणाले, आणि खरंच लिहून घेतलं.

अडचण साधी होती. इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो आणि तो पत्ता जागेला बांधलेला असतो. बारामतीचा कॉम्प्युटर उचलून इंदापूरला नेला, तर त्याचे निरोप बारामतीलाच येऊन पडतात. मला गाडीत लॅपटॉप ठेवायचा होता आणि गाडी कुठंही असली तरी त्याचे निरोप त्याच्यामागं धावत जायला हवे होते. त्यासाठी बारामतीत कॉलेजच्या गच्चीवर एक वायरलेस स्टेशन आणि इंदापुरात दुसरं, अशी योजना केली. दोन्ही स्टेशनं टेलिफोनच्या तारेनं एकमेकांना जोडायची. लॅपटॉप ज्या स्टेशनच्या टप्प्यात असेल त्यानं दुसऱ्याला कळवायचं, ‘तो माझ्याकडं आहे, त्याचे निरोप इकडं पाठव.’ परवानगीच्या कागदांत चार महिने गेले. वायरलेसचे संच एका हौशी रेडिओवाल्या गृहस्थांनी उसने दिले आणि लॅपटॉप सरांनी दिला. तो एवढा जड होता की मांडीवर घेतला की थोड्या वेळानं पायाला मुंग्या येत. त्याची बॅटरी पंधरा-वीस मिनिटं चालायची.

इंदापूरच्या स्टेशनासाठी मी एका शाळेला विचारलं. गच्चीवर वीज पडेल म्हणून त्यांनी नकार दिला. मग ते स्टेशन इंदापुरातल्या आमच्या घरावर गेलं.

आई त्याच वर्षी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली होती. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्याच हट्टानं पुढं मुलीला शिकवून सरकारी नोकरीला लावलं. तीस वर्षं ती निमगाव, लासुर्णे, वाड्यावस्त्या पायी आणि एसटीनं फिरली होती. निवृत्तीनंतर तिला दिवस पुरून उरायचा. त्यामुळं गच्चीवर अँटेना आणि हॉलमध्ये, बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या टेबलावर, कॉम्प्युटर बसला तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी नवी वही आणून तिच्यात रकाने आखले. तारीख, वेळ, संचावरचा दिवा हिरवा की लाल, शेरा.

“शेऱ्यात काय लिहिणार?” मी विचारलं.

“ते आल्यावर बघू. रकाना असावा.”

तिला मी चहा पिता पिता सगळं समजावून सांगितलं. फिरतं यंत्र, घरचा पत्ता, मुक्कामाचा पत्ता. मला वाटलं होतं, अर्धा तास लागेल. ती म्हणाली, “म्हणजे माझी पाटी.”

मला आठवलं. दाराला खिळ्यावर एक पाटी असायची. सकाळी निघताना ती खडूनं लिहायची, ‘आज लासुर्णे’. रात्री-अपरात्री कुणाची बाई अडली की माणसं आधी आमच्या दाराशी येत, पाटी वाचत आणि तिकडं पळत.

“तसंच,” मी जरा हिरमुसून म्हणाले. माझ्या प्रबंधाची पहिली चाळीस पानं तिनं तीन शब्दांत आवरली होती.

जीप कॉलेजची मिळाली आणि जीपबरोबर तात्या मिळाले. तात्या कऱ्हाटीचे, साठीला टेकलेले, कॉलेजचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. जीपच्या टपावर बांबू उभा करून त्याला अँटेना बांधायची होती. तात्यांनी ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी बांबू असा आवळला की जीप उलटली असती तरी बांबू हलला नसता. मग हात पुसत त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं.

“मॅडम, ह्यात बातम्या किती वाजता लागत्यात?”

“हा रेडिओ नाही, तात्या. ह्यात निरोप येतात.”

“कुणाचं?”

“बारामतीहून. कॉलेजातून.”

“आन् आपण कुठनं निघालो?”

“बारामतीहून.”

तात्यांनी एकदा बांबूकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. निघतानाच तोंडानं सांगून टाकायचं सोडून हे काय चाललंय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं.

रस्ता बारामती-लासुर्णे-इंदापूर असा ठरला. कॉलेजातला माझा एक सहकारी प्राध्यापक बारामतीच्या लॅबमध्ये बसून दर मिनिटाला एक आकडा पाठवायचा. एक, दोन, तीन. जीपमध्ये मी ते टिपून घ्यायचे. दुपारी एक तास आमच्या घरचा फोन या कामात अडकायचा. गल्लीत तेवढा एकच फोन होता, त्यामुळं तो तासभर गल्लीतली माणसं ज्यांचे फोन यायचे होते त्यांची नावं आईला येऊन सांगत आणि रागानं अँटेनाकडं बघत.

पहिल्या फेरीत चाळीस आकड्यांतले चौदा हरवले. लासुर्ण्याच्या अलीकडं जीप बारामतीच्या टप्प्यातून बाहेर पडायची. पलीकडच्या स्टेशननं ‘तो माझ्याकडं आला’ असं कळवेपर्यंत अध्येमध्ये जे निरोप निघाले ते बारामतीच्या गच्चीवरून हवेत जाऊन विरायचे. मी आठवडाभर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम उलटासुलटा केला. चौदाचे अकरा झाले.

रविवारी इंदापूरला गेले तेव्हा आईनं विचारलं, “काय अडलंय?”

मी सांगितलं. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं.

“मी लासुर्ण्याहून निमगावला निघाले की ज्या घरात बसलेली असायचे त्या घरच्यांना सांगून निघायचे. कुणी हुडकत आलं तर त्याला परत इंदापूरला पाठवू नका, इथूनच निमगावला पाठवा. पाटीवर लासुर्णे लिहिलेलं असायचं ना. पाटी पुसायला मी परत घरी थोडीच जाणार.”

मी तिला म्हणाले, “आई, हे तसं नसतं.” हे वाक्य मी फार शांतपणे आणि फार शहाण्यासारखं म्हटलं होतं, ते आठवलं की अजून कान गरम होतात. कारण पुढचे दहा दिवस मी सगळं करून पाहिलं आणि शेवटी तेच केलं. सोडलेल्या स्टेशननं हाती पडलेले निरोप टाकून द्यायचे नाहीत, नव्या स्टेशनकडं ढकलायचे. तीस ओळींचं काम होतं. हरवलेले आकडे अकराचे एकावर आले. आईला मी सांगितलं नाही.

मग दुसरंच दुखणं सुरू झालं. एका दुपारी सतरा हा आकडा मला नऊ वेळा मिळाला. अठरा पंचवीस वेळा. जीप तेव्हा लासुर्ण्याच्या अलीकडं एका चहाच्या टपरीशी उभी होती. तिथं दोन्ही स्टेशनं सारखीच ऐकू यायची. लॅपटॉप घटकेत बारामतीचा व्हायचा, घटकेत इंदापूरचा, आणि दोन्ही स्टेशनं एकमेकांना ‘तुझ्याकडं आहे, तू घे’ म्हणत तेच निरोप इकडून तिकडं टोलवत बसायची. बाकी सबंध रस्त्यावर हे कुठंच होत नव्हतं.

“तात्या, आपण रोज इथंच का थांबतो?”

“चा चांगला हाय.”

“उद्यापासून दुसरीकडं थांबू या का?”

तात्यांनी बशीतला चहा संपवला. “मॅडम, चाची जागा बदलणार न्हाय. तुमी यंत्राला समजावा.”

मी यंत्राला समजावलं. दुसरं स्टेशन ऐकू आलं की लगेच उडी मारायची नाही, ते एकसारखं जास्त जोरात ऐकू येत राहिलं तरच मारायची. ही गोष्ट खरं म्हणजे माझ्या प्रबंधातला सर्वांत चांगला भाग ठरली. तात्यांनी चहाची जागा बदलली असती तर तो भाग लिहिलाच गेला नसता.

जानेवारीत प्रात्यक्षिक ठरलं. मार्गदर्शक सरांच्या घरी लग्न निघालं, म्हणून बाहेरचे परीक्षक एकटेच पुण्याहून आले. उंच, गोरे, बारीक दाढी, पांढरा शर्ट आणि हातात क्लिप लावलेलं पॅड. कुणाच्याही कामावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी बांबू पाहिला, रबरी पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाले, “आकडे मी स्वतः टिपणार. तुम्ही हात लावायचा नाही.”

लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. तो जीपच्या बॅटरीवर चालावा म्हणून वायर जोडली होती. मी मागं बसले. तात्यांनी गाडी सोडली.

आकडे येत गेले. एक, दोन, तीन, ओळीनं. परीक्षक प्रत्येक आकड्यापुढं बारीक खूण करत होते. मी त्यांच्या मानेकडं बघत होते, दुसरं काही दिसत नव्हतं. उसाचा हंगाम होता. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडं चालले होते. तात्या त्यांना ओलांडत होते आणि दर ओलांडणीला परीक्षकांची खूण जरा लांब जात होती. तेवीस आकडे झाले आणि टपरीच्या जरा पुढं सगळी वाहनं थांबलेली दिसली. एका ट्रॉलीचं चाक निखळून ती रस्त्यात आडवी बसली होती आणि ऊस डांबरावर पसरला होता.

“तास तरी जाईल,” तात्या म्हणाले, आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद करून टपरीकडं चालू लागले.

मला घाम फुटला. नेमक्या त्याच जागी, दोन्ही स्टेशनांच्या मधोमध, तासभर. पण लॅपटॉप एका स्टेशनावरून हलला नाही. चोवीस आला, पंचवीस आला, एकेकदाच आला. परीक्षकांनी भुवया वर केल्या. “बरं चाललंय,” म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून एक बाई कडेवर मूल घेऊन आली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. बघता बघता सात-आठ बायका जीपभोवती उभ्या राहिल्या.

पहिली म्हणाली, “डोस हितंच देताय का शाळंत येऊ?”

परीक्षकांना कळेना. मला कळलं. टपावर अँटेना, पुढं पांढरा शर्ट, हातात पॅड आणि यादीवर खुणा. पोलिओची गाडी यापेक्षा वेगळी दिसत नाही.

“आम्ही त्यासाठी नाही आलो, मावशी,” मी म्हणाले.

“मग ह्यं डाक्टर न्हायत व्हय?”

परीक्षक सत्यवादी माणूस. म्हणाले, “मी डॉक्टर आहे. पण त्यातला नाही.”

“डाक्टर हायत, पण डोस देत न्हायत,” तिनं मागच्यांना सांगितलं. मागं कुजबुज झाली. एका म्हातारीनं विचारलं, “मग कशातलं हाय?” परीक्षक म्हणाले, “गणितातला.” याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

गर्दीत एक कोवळी पोरगी होती, विशीचीही नसेल. तिच्या खांद्यावरचं मूल मलूल पडलं होतं. ती बाकीच्यांसारखी बोलत नव्हती. “दोन दिस झालं, पोट जातंय त्याचं,” एवढंच म्हणाली आणि ते मूल उचलून सरळ परीक्षकांच्या मांडीवर ठेवलं. लॅपटॉप त्यांनी घाईघाईनं माझ्याकडं सरकवला. मूल आणि परीक्षक दोघंही एकमेकांकडं बघत राहिले.

मला एकच सुचलं. मी लॅपटॉपवर इंदापूरला निरोप लिहिला, ‘आई, लासुर्ण्याजवळ एक मूल आहे, साधारण वर्षाचं, दोन दिवस जुलाब. काय करू?’ आमच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नव्हती. सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागायचं.

आईला टंकायची सवय नव्हती. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिनं उत्तर पाठवलं. मिनिटभरानं पडद्यावर तीन शब्द आले. परीक्षकांनी वाकून वाचले आणि त्या मुलीला विचारलं, “टॅप आहे का, विचारतायत. नळ.”

“नळ न्हाय,” ती म्हणाली. “हापसा हाय.”

“ताप, सर,” मी म्हणाले. “ताप आहे का.”

परीक्षकांनी मुलाच्या कपाळाला हात लावला. मग आपल्या कपाळाला लावून पाहिला. “नाही,” म्हणाले, “माझ्यापेक्षा गारच आहे.”

मी ते कळवलं. आईचे प्रश्न येत राहिले. डोळे खोल गेलेत का. जीभ कोरडी आहे का. रडताना पाणी येतं का. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सरळ होते का. परीक्षक एकेक गोष्ट बघून सांगत होते, मी टंकत होते आणि बायका श्वास रोखून ऐकत होत्या. बारामतीहून आकडे येतच होते, आईच्या शब्दांच्या अध्येमध्ये घुसत होते. ‘जीभ’, मग ‘एकतीस’, मग ‘कोरडी का’.

शेवटी तिनं लिहिलं, पाणी उकळून गार करा, एका पेल्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ, घोट घोट पाजत राहा. अंगावरचं दूध बंद करू नका. आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या, तिथं या वेळी नर्स असते. आणि शेवटी, ‘पोलिओ येत्या रविवारी शाळेत आहे, सगळ्यांना सांग.’

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारीनं विचारलं, “कोण सांगतंय ह्यं?”

“माझी आई. इंदापूरला नर्स होती.”

“निमगावला यायची ती बाई? लांब पिशवीवाली?”

“व्हय,” मी म्हणाले.

“आगं मग आधी का न्हाय सांगितलंस,” ती म्हणाली, आणि त्या मुलीकडं वळून, “जा, आण पाणी उकळून.” तोवर कुणी हललं नव्हतं. टपरीवाल्यानं चहाचं पातेलं उतरवून पाणी ठेवलं, साखर-मीठही त्याच्याकडंच होतं. अर्ध्या तासानं ते मूल परीक्षकांच्या मांडीवर बसून चार-पाच चमचे पाणी प्यायलं आणि मग, पोट बिघडलेलंच असल्यामुळं, पांढऱ्या शर्टाला जे व्हायचं ते झालं. मुलाला त्यांनी तसंच धरून ठेवलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा जीप सुरू होईना. तासभर इंजिन बंद आणि लॅपटॉप चालू, त्यात बॅटरी संपली होती. तात्या स्टिअरिंगवर बसले. परीक्षक, मी, ऊसतोडीची चार माणसं आणि तीन बायका, आम्ही ढकलत निघालो. जीप एकदाची धडधडली. त्या मुलीला आणि मुलाला आम्ही वाटेत दवाखान्याच्या दाराशी सोडलं.

इंदापूर जवळ आल्यावर परीक्षक पॅड उघडून म्हणाले, “सव्वीसपासून पासष्टपर्यंत खुणा नाहीत.”

“आकडे आले होते, सर. मी पाहिलेत.”

“तुम्हाला हात लावायला मी मनाई केली होती. आणि माझे हात मोकळे नव्हते.” त्यांनी बराच विचार केला आणि शेऱ्याच्या जागी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘चाळीस नोंदी राहिल्या. दोष परीक्षकाचा.’ खाली सही केली.

घरी आईनं त्यांना माझ्या वडिलांचा सदरा दिला आणि जेवायला वाढलं. जेवताना त्यांनी मला विचारलं, “सोडलेल्या स्टेशननं निरोप पुढं ढकलायचे, हे तुम्हाला कशावरून सुचलं? चांगलं आहे ते.”

मी घास गिळत होते, म्हणून आईच म्हणाली, “केलंस होय तू तसं? मला म्हणालीस, असं नसतं.”

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटाकडं पाहिलं. मग सगळं सांगितलं, दार, पाटी, लासुर्ण्याचं घर, सगळं. ते जेवण थांबवून ऐकत होते. नंतर त्यांनी आईला अर्धा तास प्रश्न विचारले. दोन ठिकाणांहून एकदम बोलावणं आलं तर काय करायचात, पाटी लिहायला विसरलात असं कधी झालं का, पावसानं खडू पुसला गेला तर. आईनं नोकरीतली जुनी वही आणून तीत बघून उत्तरं दिली, जणू तीच परीक्षेला बसली होती. निघताना त्यांनी मला सांगितलं, “आभाराच्या पानावर आईंचं नाव घाला.” मी घातलं. आधी तिथं फक्त मार्गदर्शक आणि प्राचार्य होते.

दोन महिन्यांनी पुण्यात तोंडी परीक्षा झाली. मी आठ दिवस पाठ करून गेले होते. टेबलामागच्या एका गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गाडीत कॉम्प्युटर घेऊन फिरण्याची गरज आपल्याकडं कोणाला आणि कधी पडणार आहे?” मी तोंड उघडायच्या आत आमचे परीक्षक बोलायला लागले. वीस मिनिटं बोलले. वस्त्या, जुलाब, हापसा, सगळं आलं. मांडीवरच्या मुलाचा विषय मात्र त्यांनी टाळला. मग सगळ्यांनी घड्याळं पाहिली आणि मला पास केलं.

संध्याकाळच्या एसटीनं इंदापूरला उतरले. आई दारातच उभी होती.

“काय काय विचारलं?”

“काही नाही. मला बोलूच दिलं नाही.”

“मग आठ दिवस जागलीस कशाला?” ती म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.